उतरण्याची जागा

परदेशातून खासगी विमान येतं तेव्हा त्याची वर्दी आधी येते. कुठून निघालं, किती वाजता पोचेल, वैमानिक कोण, आत किती माणसं, कोणत्या देशांचे पासपोर्ट, हे सगळं कळवल्याशिवाय त्याला आपल्या हद्दीत शिरायची परवानगी नसते. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचं २९ वं कलम त्याच्याही पुढे जातं. बाहेरून आलेल्या जहाजाने किंवा विमानाने पहिल्यांदा टेकायचं ते सरकारने ठरवून दिलेल्या बंदरात किंवा विमानतळावरच. एखाद्या उद्योगपतीचं आठ आसनी जेट दुबईहून निघून थेट त्याच्या कारखान्याजवळच्या धावपट्टीवर उतरू शकत नाही. आधी मुंबईसारख्या ठिकाणी उतरायचं, इमिग्रेशनचा शिक्का, मग आमची म्हणजे कस्टम्सची तपासणी आणि मग पुढचा प्रवास. बारामती, कराड, धुळे, यवतमाळ इथे धावपट्ट्या आहेत, पण तिथे पोचणारं विमान देशातल्या देशात उडालेलं असतं, म्हणून तिथे आमचं टेबल नसतं.

माझ्या नोकरीची काही वर्षं मुंबई विमानतळाच्या कलिन्याच्या बाजूला, खासगी विमानं लागतात तिथे गेली. बाहेरच्या माणसाला वाटतं, इथे तपासण्यासारखं काय आहे? चार माणसं उतरणार, गाडी जवळ उभी. पण माझ्या अनुभवात तपासणीला हीच जागा सगळ्यांत अवघड. मोठ्या टर्मिनलवर तीनशे माणसं रांगेत असतात आणि रांगेचा स्वतःचा धाक असतो. ज्याच्याजवळ काही दडवलेलं आहे तो उगाच घाई करतो, मागे-पुढे बघतो, फोनवर खोटंच बोलत राहतो. इथे रांग नाही, घाई नाही, गर्दीत वेगळा दिसणारा माणूस नाही. म्हणून आम्हाला कागदावर आणि हातावर विसंबावं लागे. जनरल डिक्लरेशनवरची, म्हणजे विमानाने दिलेल्या यादीतली नावं आणि शिडीवरून उतरलेली माणसं जुळवायची. मग विमानात चढून रमेजिंग, म्हणजे कानाकोपरा धुंडाळणं: आसनांखालचे कप्पे, खाण्याची ट्रॉली, शौचालयातल्या आरशाच्या मागची पोकळी, शेपटाकडचा सामानाचा कप्पा. रात्री दोनला विमान आलं तरी हे सगळं तसंच व्हायला हवं, आणि रात्री दोनलाच ते टाळावंसं वाटतं.

कागद चोख आहेत म्हणून विमान चोख असतं असं नाही, हे आमच्या पिढीला डिसेंबर १९९५ ने शिकवलं. एक जुनं मालवाहू आन्तोनोव्ह विमान रीतसर परवानगी घेऊन आपल्या आकाशात शिरलं, वाराणसीला उतरून त्याने इंधन भरून घेतलं आणि १७ डिसेंबरच्या रात्री बंगालमधल्या पुरुलिया जिल्ह्यात पॅराशूटने रायफली आणि दारूगोळा टाकून ते देशाबाहेर निघून गेलं. काही दिवसांनी परतीच्या वाटेवर त्याला मुंबईत उतरायला भाग पाडलं गेलं. विमानातले बाकीचे पकडले गेले, पण बेताचा सूत्रधार म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवलं जातं तो किम डेव्ही त्याच विमानतळावरून निसटला. पुढे मी विमानतळावर होतो तेव्हा ही गोष्ट नव्या मुलांना सांगायचो. विमानाचा मार्ग परवानगीतला होता, थांबे परवानगीतले होते, फक्त आतला माल कोणी पाहिला नव्हता.

पण तपासणी म्हणजे काय ते मला विमानतळाने शिकवलं नाही. ते शिकवलं रायगडच्या किनाऱ्याने, जिथे वर्दी देऊन कोणी येत नाही.

मांडव्यापासून खाली किहीम, थळ, अलिबाग, आक्षी, रेवदंडा, कोर्लई, काशीद, मुरूड, मग राजपुरीची खाडी ओलांडून दिघी, दिवेआगर, भरडखोल, शेखाडी, श्रीवर्धन आणि शेवटी हरिहरेश्वर. त्याच्यापुढे बाणकोटची खाडी, पलीकडे रत्नागिरी जिल्हा. सुमारे २४० किलोमीटरचा जिल्ह्याचा किनारा, त्यात इतक्या खाड्या, इतकी कोळीवाड्यांची बंदरं, इतकी सुरूची बनं आणि खाजणं, की माल उतरवायचा म्हटलं तर जागा शोधावी लागत नाही. भरती आणि अंधार असला की पुरे. या पट्ट्यात धावपट्टी एकही नाही, पण वाळू सगळीकडे आहे, आणि होडीला उतरायला वाळू लागते.

माझी इथे बदली झाली ती १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर, खात्याची मान खाली गेलेली असताना. शेखाडीचं नाव तोवर देशभर झालं होतं. जानेवारी १९९३ मध्ये दिघीला आणि फेब्रुवारीत शेखाडीला माल उतरला. त्यात आरडीएक्स होतं, एके ५६ रायफली होत्या, हातबॉम्ब होते. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं मेली. मी श्रीवर्धनच्या एसटी स्टँडवर उतरलो आणि चहाच्या टपरीवर कस्टमचा माणूस म्हणून ओळख सांगितली, तेव्हा टपरीवाल्याने माझ्याकडे पाहिलं नाही. चहा दिला, पैसे घेतले, बस. त्या माणसाला माझा राग का यावा, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

कारण किनारा उघडा नव्हता. हे आजही लोकांना नीट माहीत नाही, म्हणून मी सांगत राहतो. लोक म्हणतात, एवढा मोठा समुद्र, कुठे कुठे पहारा ठेवणार? पण दिघीचा माल घेऊन निघालेले ट्रक गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवले होते. अडवले, म्हणजे यंत्रणा चालली होती. मग पैशाची बोलणी झाली, हमी म्हणून चांदीच्या विटा ठेवून घेतल्या गेल्या आणि ट्रक पुढे गेले. कस्टम्सच्या अधिकाऱ्यांनीही वाट मोकळी करून दिली होती. पोलीस आणि कस्टम्स या दोन्ही खात्यांतल्या माणसांना टाडा न्यायालयाने दोषी ठरवलं आणि मार्च २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. तो पहारा झोपला नव्हता, विकला गेला होता. या दोन गोष्टींतला फरक ज्याला कळत नाही तो किनाऱ्यावर आणखी बोटी, आणखी दिवे, आणखी कॅमेरे मागत राहतो, आणि ते मिळाले तरी गोंडघरचा फाटा तसाच राहतो.

तो विकला कसा गेला, याचाही एक इतिहास आहे. साठ, सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत या किनाऱ्यावर सोनं आणि चांदी उतरत असे, आणि जोडीला घड्याळं, कापड, ट्रान्झिस्टर. दहा तोळ्यांचं, साधारण ११६ ग्रॅमचं सोन्याचं बिस्कीट आणि तशी शंभर बिस्किटं मावतील अशी कप्प्यांची जाकिटं. सुवर्ण नियंत्रण कायदा १९६८ चा, त्याआधी नियम १९६३ चे. देशात सोनं आणायला बंदी आणि लग्नाला सोनं तर हवंच, त्यामुळे दुबईचा भाव आणि झवेरी बाजाराचा भाव यांच्यातल्या फरकावर कित्येक गावांतल्या माणसांची कमाई चालली. गावातली पोरं रात्री माल उतरवायला जात, एका रात्रीची मजुरी महिनाभराच्या मासेमारीइतकी. त्यांना आपण देशद्रोह करतो असं वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अधिकाऱ्यांनाही आपण लाच घेऊन देश विकतो असं वाटत नसावं. चांदीच तर आहे. ही चांदीची सवय पंचवीस वर्षं मुरली, आणि १९९३ मध्ये त्याच होड्या, तेच उतरवणारे, तेच डोळे मिटणारे. फक्त पेट्यांमधला माल बदलला होता. कित्येकांनी तो उघडून पाहिलाही नाही.

यातली दुःखाची गोष्ट अशी की तेव्हा सोन्याचा धंदा संपतच आला होता. सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला, १९९२ पासून परदेशातून परतणाऱ्या भारतीयांना पाच किलो सोनं शुल्क भरून आणता येऊ लागलं, पुढच्या वर्षी चांदीलाही तशी सवलत मिळाली. कायद्याची एक अधिसूचना जे करते ते आमच्या शंभर छाप्यांनी होत नाही. मी आलो तेव्हा सोन्याच्या खबरा जवळजवळ थांबल्या होत्या, आणि जुने खबरी येऊन म्हणायचे, साहेब, आता तुमच्याकडे देण्यासारखं काही राहिलं नाही. पकडलेल्या मालाच्या किमतीच्या वीस टक्क्यांपर्यंत इनाम मिळू शकतं, हा त्यांचा हिशोब. शेखाडीनंतर ते इनाम कोणी उघडपणे मागेनासं झालं.

मला तपासणी शिकवली एका म्हाताऱ्या नाखव्याने. त्यांचं नाव लिहीत नाही, घरच्यांना आवडणार नाही. भरडखोलच्या बाजूचे. मी त्यांना काका म्हणायचो, ते मला साहेबच म्हणत राहिले. पहिल्या काही भेटींत त्यांनी मला काहीही सांगितलं नाही. मी संध्याकाळी लिलावाच्या वेळी जाऊन बसायचो, कोणाला काही विचारायचो नाही. एक दिवस ते आपणहून म्हणाले, "साहेब, होडी बघायची तर पानी कुठवर लागतंय ते बघा."

एवढं एक वाक्य मला खात्याच्या प्रशिक्षणात कोणी सांगितलं नव्हतं. मासळी नसलेली होडी पाण्यात जितकी बसायला हवी त्यापेक्षा खोल बसली असेल तर तिच्यात काहीतरी आहे. चार दिवस समुद्रात असल्याचं सांगतात आणि खणातला बर्फ अजून धारदार आहे. जाळी आहेत पण कोरडी. चार खलाशांची भांडी आणि सात माणसांचा तांदूळ. डिझेल मुंबईपर्यंतचं नाही, पार गुजरातेच्या पलीकडचं. नंबर नवा रंगवलेला, पण रंग फक्त नंबरापुरता. हे सगळं टॉर्चच्या उजेडात, पाण्यात हलत्या फळीवर उभं राहून, पाच मिनिटांत बघायचं असतं. पुढे विमानात चढलो तेव्हा मी हेच करत होतो. एकदा एका छोट्या जेटमध्ये गॅलीत सहा जणांची ताटं वापरलेली दिसली आणि कागदावर प्रवासी चार. चौकशीत साधंच कारण निघालं, पण ती ताटं मी मोजली ती काकांमुळे.

काकांकडून मी आणखी एक गोष्ट शिकलो. त्यांना प्रत्येक होडी आवाजावरून ओळखता यायची. कोणाचं इंजिन, कोणत्या गावचं, कोण आजारी आहे म्हणून त्याचा भाचा आज सुकाणूवर आहे. परकी होडी त्यांना अंधारात कळे. अशी माणसं प्रत्येक कोळीवाड्यात पाच-दहा आहेत. शेखाडीतही होती. म्हणजे ज्या रात्री माल उतरला त्या रात्री कोणालातरी ते कळलं होतं. कळूनही ते पुढे गेलं नाही, कारण सांगायचं कोणाला? ज्याला सांगायचं तोच सामील आहे ही बातमी गावाला आमच्या वरिष्ठांच्या कितीतरी आधी होती. सगळ्या नोकरीत मी या एका गोष्टीवर सर्वांत जास्त विचार केला. किनाऱ्यावरची तपासणी ओळखीवर चालते आणि ओळखीनेच ती सडते. गावात मिसळल्याशिवाय अधिकाऱ्याला काही कळत नाही, आणि फार मिसळला की त्याला सगळं कळतं पण तो काही करत नाही. याला औषध म्हणून खातं वेळेवर बदल्या करतं, ते योग्यच आहे. पण बदली होताना माणसाच्या डोक्यातली माहिती त्याच्याबरोबर जाते. म्हणून मी सुरुवातीपासून वही ठेवली. ती खात्याची नव्हती, माझी होती: कोणत्या बंदरात किती होड्या, कोणत्या खाडीत ओहोटीला ट्रक कुठवर जातो, कोणाशी बोलावं. बदलीच्या वेळी ती माझ्या जागी येणाऱ्याला दिली. त्याने ती वाचली का, ते मला ठाऊक नाही.

आणि हा किनारा काही आजच तपासला जातोय असं नाही. पोर्तुगीजांनी चौलहून आपल्या परवान्याशिवाय जहाजांना फिरू दिलं नाही. पुढे कान्होजी आंग्र्यांनी अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावरून आपली दस्तकं लागू केली: ज्याच्याकडे दस्तक नाही त्याचं जहाज पकडायचं. इंग्रजांनी त्यांना चाचे ठरवलं, कारण इंग्रजांना आपली जहाजं तपासू द्यायची नव्हती. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. अलिबागला भरतीच्या वेळी किल्ल्याकडे बघत उभा असताना मला हे नेहमी आठवायचं. किनाऱ्याचा मालक कोण, हे शेवटी कोण कोणाची होडी थांबवू शकतो यावरून ठरतं.

नोव्हेंबर २००८ नंतर सगळं बदललं. 'कुबेर' ही गुजरातची मच्छीमार बोट पळवून दहा दहशतवादी मुंबईच्या तोंडाशी आले आणि रबरी होडीतून मुंबईतल्या कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीत उतरले. तिथल्या कोळ्यांनी त्यांना पाहिलं होतं, हटकलंही होतं. मग सागरी पोलीस ठाणी वाढली, गस्तीच्या बोटी आल्या, बंदरांवर मत्स्य खात्याचे सुरक्षा रक्षक बसले, होड्यांवर ठळक नंबर, खलाशांना ओळखपत्रं, समुद्रात जाताना टोकन. १०९३ हा पोलिसांचा आणि १५५४ हा तटरक्षक दलाचा क्रमांक भिंतीभिंतींवर रंगवला गेला. गावागावांत सागर रक्षक दलं झाली. वर्षातून दोनदा 'सागर कवच' नावाची परीक्षा होते. एक तुकडी घुसखोर बनून किनाऱ्यावर उतरायचा प्रयत्न करते, दुसऱ्यांनी तिला पकडायचं. हे सगळं हवंच होतं. त्या काळात मी पुन्हा या किनाऱ्यावर होतो, आणि पूर्वी कधीच न बोलणारी तीन खाती एका टेबलाशी बसलेली मी पाहिली.

पण त्याचा भार कोणावर पडला? पहाटे तीनला ओल्या हातांनी ओळखपत्र काढून दाखवणाऱ्या खलाशावर. कार्ड समुद्रात पडलं, तर नव्या कार्डासाठी अलिबागच्या खेपा. खलाशी बाहेरचा असेल, तर प्रत्येक वेळी वेगळी चौकशी. त्याने हे सगळं सोसलं, कुरकुर न करता, कारण त्या दहा जणांच्या हल्ल्यापायी मेलेल्या माणसांत 'कुबेर'चे खलाशी आणि तिचा तांडेलही होता हे त्याला माहीत होतं. आणि त्याच किनाऱ्यावर, मांडव्याच्या बाजूला, शनिवारी दुपारी पांढऱ्या याट नांगर टाकून उभ्या राहत, बंगल्यांच्या हिरवळीवर हेलिकॉप्टर उतरत, आणि तिथे जाऊन नाव विचारायला कोणी धजत नसे.

हेलिकॉप्टर देशातल्या देशात उडतं. वैमानिक हवाई संरक्षणाची मंजुरी घेतो, उड्डाणाचा आराखडा देतो, प्रवाशांची यादी असते. जुहू किंवा महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरून निघून दहा-पंधरा मिनिटांत अलिबाग. त्यात कस्टम्सचा संबंध येत नाही आणि यावा असं माझं म्हणणंही नाही. पण कायद्याच्या १०६ व्या कलमाने आम्हाला संशयाचं सबळ कारण असेल तर कोणतंही वाहन, जहाज किंवा विमान थांबवून तपासायचा अधिकार दिला आहे, आणि त्या कलमात मालकाच्या मिळकतीचा उल्लेख नाही.

एकदा परदेशी झेंड्याची एक याट मांडव्यापासून थोड्या अंतरावर उभी असल्याची खबर आली. आम्ही सागरी पोलिसांची बोट घेऊन गेलो. वर पार्टी चालू होती. यजमानांच्या वतीने एक व्यवस्थापक पुढे आला आणि त्याने मला बोटीवर पाय ठेवायच्या आधी तीन मोठ्या माणसांची नावं सांगितली. मी माझं ओळखपत्र दाखवलं आणि कप्तानाला बोलवा म्हटलं. कप्तान युरोपियन, पन्नाशीचा. तो खालून एक जाड फाइल घेऊनच आला: नोंदणी, खलाशांची यादी, मुंबईत दिलेली कागदपत्रं, बोटीवरच्या साहित्याची यादी, मद्याच्या बाटल्यांचा आकडा. मला सगळं फिरून दाखवलं, इंजिनाच्या खोलीपर्यंत. त्याला राग आला नव्हता, आश्चर्यही वाटलं नव्हतं. भूमध्य समुद्रात दर दोन-तीन बंदरांनंतर हे होतंच, म्हणाला. सगळं नियमात होतं. आम्ही तासाभरात उतरलो. व्यवस्थापक तोवर फोनवरच होता, आणि दुसऱ्या दिवशी मला एका वरिष्ठाकडून विचारणा झाली की जायची गरज होती का. मी लेखी उत्तर दिलं की होती.

हेच मी पुढे विमानतळावरही पाहिलं. वैमानिकाने कधी तक्रार केली नाही. बऱ्याचदा खुद्द मालकानेही नाही. तक्रार करायचा तो त्यांच्या मागे-पुढे धावणारा, ज्याची नोकरी साहेबांना थांबावं न लागण्यावर अवलंबून आहे. त्याला आपल्या यंत्रणेतही जोडीदार मिळतात. दक्षिण आफ्रिकेत एप्रिल २०१३ मध्ये एका श्रीमंत भारतीय घराण्याच्या लग्नाच्या पाहुण्यांचं विमान नागरी विमानतळ सोडून वॉटरक्लूफच्या लष्करी तळावर उतरवलं गेलं, तेव्हा तिथल्या संसदेपर्यंत संताप पोचला. उतरायची जागा बदलणं ही लहान बाब नाही, हे तिथल्या साध्या नागरिकाला बरोबर कळलं होतं. ब्रिटनमध्ये शेतातल्या गवती धावपट्टीवर उतरणाऱ्या दोन आसनी विमानालाही देशाच्या सीमेबाहेरून येताना प्रवाशांची नावं आगाऊ कळवावी लागतात. तिथेही प्रत्येक धावपट्टीवर अधिकारी उभा नसतो. पण नाव कळवलेलं असतं, म्हणून कधीतरी उभा असेल ही शक्यता असते, आणि तपासणीचं निम्मं काम ती शक्यता करते.

मी निवृत्त झाल्यावर, १८ ऑगस्ट २०२२ ला, दहीहंडीच्या आदल्या दिवशी हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक याट लागली. सोळा मीटरची, 'लेडी हान' नावाची, आत माणूस नाही, तीन एके ४७ रायफली आणि काडतुसं. जिल्हाभर नाकाबंदी झाली. मला दुपारभर फोन येत होते, जुन्या सहकाऱ्यांचे, गावातल्या ओळखीच्यांचे. प्रत्येकाच्या आवाजात शेखाडी होतं. संध्याकाळपर्यंत विधानसभेत खुलासा झाला: बोट एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची, मस्कतहून युरोपकडे निघालेली. २६ जूनला इंजिन बंद पडलं, कोरियाच्या युद्धनौकेने खलाशांना वाचवलं, समुद्र खवळलेला म्हणून बोट ओढून नेता आली नाही, आणि ती पावसाळ्यातल्या अरबी समुद्रातून वाहत इथे आली. पुढच्या वर्षी त्याच मोसमात दापोली आणि श्रीवर्धनच्या किनाऱ्यांवर चरसाची पाकिटं वाहून आली. याट लागली तेव्हा मला एका गोष्टीचा आनंद झाला. ती बोट लोकांना दिसताच पोलिसांना कळवली गेली. रायफली पोलिसांच्या हाती जशाच्या तशा लागल्या. तीस वर्षांपूर्वी त्या टपरीवाल्याने मला न बघता चहा दिला होता, त्याच तालुक्यातल्या लोकांनी फोन उचलला. हे आपोआप झालेलं नाही. मधल्या काळात कित्येक हवालदारांनी, निरीक्षकांनी, सागर रक्षक दलाच्या पोरांनी लोकांचं ऐकून घेतलं आणि ऐकल्यावर काहीतरी केलं, म्हणून झालं.

आता जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, उलव्याला, नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन, डिसेंबरात उड्डाणं. मांडव्याला २०२० पासून रो-रो येते. अलिबागच्या बाजूला जमिनी कोण घेतं हे सर्वांना माहीत आहे, आणि आणखी हेलिपॅड होणार, आणखी याट येणार. त्याचं मला वाईट वाटत नाही, गावांत काम येतं. पण त्या हिरवळींवर कोण उतरतं याची नोंद गावापाशी असावी, असं मी भेटेल त्या अधिकाऱ्याला सांगतो. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. प्रत्येक गावात पोलीस पाटील आहे, गावात काय चाललंय ते ठाण्याला कळवणं हे १९६७ च्या कायद्याने त्याचं कर्तव्यच आहे. बंदरावरच्या रक्षकाकडे जशी होड्यांची नोंदवही असते तशी एक वही त्याच्याकडे द्या.

अलिबाग तालुक्यातल्या एका गावात पोलीस पाटलाने हे आपणहून सुरू केलं आहे. तरुण मुलगा आहे, शेती आणि होमस्टे चालवतो. कोणी सांगितलं नव्हतं. त्याने मला वही दाखवली: तारीख, वेळ, हेलिकॉप्टरच्या शेपटावरचा व्हीटीने सुरू होणारा क्रमांक, उतरलेली माणसं किती, कोणत्या बंगल्यात. बंगल्याच्या चौकीदाराला तो रोज भेटतो, दोघं एकाच शाळेतले, त्यामुळे माहिती मिळते. मी म्हटलं, आणि परत जाताना?

"काका, जातानाचं कोण विचारतंय?"

मी त्याला पुरुलियाचं विमान सांगितलं आणि ते मुंबईला उतरल्यावर त्यातून कोण निघून गेलं तेही सांगितलं. चार माणसं उतरली आणि तीनच चढली, किंवा चार उतरली आणि पाच चढली, तर ते ठाण्याला कळवण्यासारखं आहे. त्याने तिथेच पट्टी घेतली आणि पानाच्या उजव्या कडेला आणखी एक रकाना आखला.